कुठलीही घे

आज मन जागेवर नाही. कारण सांगायला गेले तर कुणी म्हणेल, हे काय कारण झालं. दादा संध्याकाळी फोनवर म्हणाला, "अगं, शंभर सीसीच्या मोटरसायकलींत एवढं काय बघायचं असतं? दोन्ही सारख्याच. कुठलीही घे." एवढंच. चिडून म्हणाला नाही, टाळायचं म्हणूनही नाही. मागे टीव्ही चालू होता, पिंट्या काहीतरी मागत होता, त्या गडबडीतही त्यानं माझा फोन उचलला होता. मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. जेवले, भांडी घासली, आईला गोळ्या दिल्या. ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

हिरोची स्प्लेंडर प्लस की होंडाची शाइन १००, हेच कितीतरी दिवस चाललंय. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने केलेत. बसच्या खिडकीतून शेजारून जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघते, सीट बघते, मागे बसलेल्या बाईचे पाय कुठे टेकलेत ते बघते. पार्किंगमध्ये कुणी गाडी मेन स्टँडला लावत असेल तर थांबून बघते की त्याला किती जोर लागतोय. हे सगळं मला दादाला सांगायचं होतं. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि गाड्यांतलं त्याला कळतं, म्हणून त्याला.

मला नेमकं काय लागलं, तेच कळत नाहीये.

आधी वाटलं, त्यानं काही विचारलं नाही म्हणून. रस्ता कसा आहे, परत येताना अंधार होतो का, मागे कोण बसणार, यातलं काहीच नाही. मग त्याची कार आठवली. कार घ्यायची होती तेव्हा अख्खा पावसाळा घरात दुसरा विषय नव्हता. डिझेल की पेट्रोल, पांढरा रंग मळेल का, सर्व्हिसिंग कुठे. मीही रात्री जागून त्याच्याबरोबर व्हिडिओ बघितले. त्याला कुणी म्हणालं नाही की चार चाकं सगळ्यांनाच असतात, कुठलीही घे. म्हणायला नकोच होतं, पैसे त्याच्या कष्टाचे होते. पण माझेही कष्टाचेच आहेत ना? माझा हप्ता त्याच्या हप्त्याहून लहान असेल, पण माझ्या पगारात तो जास्त जागा खाणार आहे. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानंच जास्त निरखून घ्यायला हवं, कारण दोन वर्षांनी नाही पटली म्हणून बदलायची त्याला सोय नसते. आणि नेमक्या त्याच माणसाला सगळे म्हणतात, फार विचार करू नकोस. जणू विचार करायचा हक्कही किमतीबरोबर वाढत जातो.

वहिनी तेव्हा काय म्हणाली होती ते आठवलं. ते आज नको.

"स्कूटर घे ना, बायकांना तीच बरी," हे तर ऑफिसातल्या प्रत्येकानं सांगून झालं. स्कूटर वाईट नाही. पण तिची चाकं लहान, माझ्या रस्त्याचे खड्डे मोठे. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवरून निघून जातं, लहान चाक त्यात उतरतं. शिवाय अॅव्हरेज. एवढं उत्तर मी देते आणि विषय संपवते. शोरूममध्ये त्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "सोबत कोण आलंय?" त्यावरही लिहिता येईल, पण आज मला दुसरंच छळतंय.

सारख्याच. खरंच सारख्या आहेत का? असतील तर मी इतके दिवस काय करतेय?

म्हणून जेवणानंतर वही काढून बसले.

स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, शाइनचं ९९. फरक १३ किलोंचा. चालवताना तो फारसा जाणवत नाही, दोन्ही चालवून बघितल्या. पण ऑफिसच्या मागची ती उताराची जागा! सकाळी जागा मिळेल तिथे गाडी घुसवायची आणि संध्याकाळी पाच जणांच्या गाड्यांमधून मागे ओढत, चढाकडे, बाहेर काढायची. तिथे १३ किलो म्हणजे काय हे माझ्या मनगटाला कळणार आहे, दादाला नाही. सीटची उंची मात्र एकीची ७८५ मिलिमीटर आणि दुसरीची ७८६. दोन्हींवर माझे पाय नीट टेकतात. इथे तो शंभर टक्के बरोबर.

ब्रेकही तसेच. दोन्हींना पुढे-मागे ड्रम, आणि पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्याच नव्या गाड्यांना ही जोडब्रेकची नाहीतर एबीएसची (चाक लॉक होऊ न देणारी) व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे त्यात निवडायला काही उरलं नाही. ते एक बरंच झालं. ब्रेक तरी पैशावर ठरू नयेत.

पण टायर! स्प्लेंडरची चाकं १८ इंचांची आणि टायर ट्यूबलेस. मी बघितलेल्या शाइनची चाकं १७ इंचांची, टायर ट्यूबचे. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगितलं नाही, मी खाली वाकून वाचलं. एक इंचाचं जाऊ दे. पण ट्यूबच्या टायरात खिळा गेला की हवा बघता बघता जाते आणि गाडी ढकलावी लागते. ट्यूबलेसमध्ये हवा हळूहळू जाते, पुढच्या गावापर्यंत तरी पोचता येतं. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. माझ्या वाटेवर मधला एक पट्टा असा आहे की तिथे दिवाच नाही. आई रोज त्या वेळेला दारात येऊन उभी राहते, कितीही सांगितलं तरी. पंक्चर ही ज्याच्या दृष्टीनं दहा मिनिटांची कटकट आहे त्याला टायर सारखेच वाटणार. या एका ओळीपाशी मी अडकून पडलेय, खरं सांगायचं तर अजूनही.

आणि स्प्लेंडरचा भरवसा. १९९४ पासून ती रस्त्यावर आहे. कुठेही बंद पडली तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोरालाही तिची नस माहीत असते, पार्ट कुठेही मिळतो, विकायला काढली तर दारात गिऱ्हाईक येतं. शाइन १०० आली २०२३ च्या मार्चमध्ये. नवीच म्हणायची. स्प्लेंडरमध्ये सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकली की थोड्या वेळात इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं. पेट्रोल वाचतं. टाकीही ९.८ लिटरची, शाइनची ९. महिन्याच्या शेवटी टाकी किती मोठी आहे यानं काही फरक पडत नाही म्हणा, तेव्हा ती भरतच नाही कुणी.

वाचता वाचता एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. या दोघी एकाच घरच्या. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले, पुढच्या वर्षी सीडी १०० आली, नंतर स्प्लेंडर. आमच्या गल्लीत तर वर्षानुवर्षं मोटरसायकल म्हणजे हिरो होंडाच. २०१० च्या डिसेंबरमध्ये दोघांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं, २०११ मध्ये हिरोचं नावही बदललं. स्प्लेंडर हिरोकडे राहिली. आणि इतक्या वर्षांनी होंडानं तिच्याच समोर स्वतःची शंभर सीसी उभी केली. एका घरात वाढलेले वेगळे झाले की पुढे... असो.

मग इंजिनावर आले. स्प्लेंडरचं ९७.२ सीसी, शाइनचं ९८.९८. पॉवर स्प्लेंडरची थोडी जास्त, ८.०२ पीएस, शाइनची ७.३८. त्याखाली टॉर्क. म्हणजे चढावर, ओझं असताना गाडी ज्यानं खेचते तो जोर. दोन्ही रकान्यांत मीच माझ्या हातानं लिहिलेला आकडा: ८.०५ न्यूटन मीटर. आणि ८.०५ न्यूटन मीटर. शेवटच्या दशांशापर्यंत एक.

मी त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले. रडूच आलं जरा. वाटलं, खरंच आहे त्याचं. मीच उगाच गोष्टीला मोठं करतेय. माझ्या आयुष्यात निवडायला मिळालेल्या गोष्टी इतक्या कमी की एखादी मिळाली की मी तिला सोडतच नाही, कुरवाळत बसते. शाळा जवळची होती ती, नोकरी लागली ती. आता दोन गाड्या समोर आल्या तर त्याही सारख्याच निघाव्यात?

पण त्याच ओळीत पुढे आणखी एक आकडा होता, तो मी आधी लिहूनही वाचला नव्हता. स्प्लेंडरला तो जोर मिळतो इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना. शाइनला ५००० वर. जोर तेवढाच, पण तो लवकर हाताशी येतो. मग बोअर आणि स्ट्रोक बघितले. स्प्लेंडरचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ४९.५, म्हणजे जवळजवळ चौरस. शाइनचा सिलिंडर ४७ मिलिमीटरचा, अरुंद, आणि पिस्टनची धाव ५७ ची, लांब. लांब धावेचं इंजिन खालच्या फेऱ्यांवर जोर देतं, त्याला ओरडायला लावायची गरज कमी पडते. टेस्ट राइडच्या वेळी त्या पुलानंतरच्या चढाला मला गिअर उतरवावा लागला नाही, तेव्हा वाटलं होतं की भास असेल. भास नव्हता. कागदावर होतं ते.

हे वाचलं आणि एकदम हलकं वाटलं. कुणाला पटवायचं म्हणून नाही. मला जे जाणवलं होतं ते खरं होतं, एवढ्यानंच.

आणि मग, का कोण जाणे, दादाची पहिली गाडी डोळ्यांसमोर आली. काकांनी वापरून सोडलेली, टाकीवर पोचा असलेली, पावसात किक मारून मारून त्याच्या पोटरीला गोळे यायचे. ती त्यानं निवडली नव्हती. जी मिळाली ती चालवली, तिच्यावर कॉलेज केलं, तिच्यावर नोकरी शोधली, बाबांना दवाखान्यात नेलं तेही तिच्यावरच. कुठली कंपनी, किती सीसी, असा प्रश्न त्याच्या वाट्याला आलाच नव्हता. कार घेताना तो पहिल्यांदा निवडत होता, म्हणून तर अख्खा पावसाळा लागला त्याला. शंभर सीसीची गाडी त्याच्या लेखी म्हणजे जी आहे ती, आणि ती पोचवते. "कुठलीही घे" म्हणताना त्याला कदाचित म्हणायचं असेल की कुठलीही घेतलीस तरी फसणार नाहीस. मी तसं ऐकलं नाही. अजूनही पूर्ण ऐकू येत नाहीये, पण मघापेक्षा जरा बरं येतंय.

एक प्रश्न त्यानं विचारला असता तर मला आवडलं असतं, हे मात्र खरं. ते तसंच राहू दे.

तर शाइनकडे मन झुकलंय. वजन, आणि तो चढ. टायरचं मेकॅनिककडे विचारून घेईन, पुढेमागे ट्यूबलेसचं काही करता येतं का ते. नाहीच जमलं तर हवा भरायचा छोटा पंप पिशवीत, टॉर्चसोबत, आणि त्या अंधाऱ्या पट्ट्याच्या अलीकडे पंक्चर कोण काढतो त्याचा नंबर फोनमध्ये. साडी गार्ड आणि मागच्याला धरायचा दांडा नीट बघायचाय. काळ्यावर निळा पट्टा असलेली होती ती छान दिसत होती, लाल पट्टा असलेलीही. रंगावर मी अजून एक आठवडा घालवणार आहे आणि तो मला हवाय.

पण पैसे भरण्याआधी एक राहिलंय. दोन्ही वेळा टेस्ट राइडला मी एकटीच बसले. आई मागे, एका बाजूला पाय सोडून बसणार, तिच्या मांडीवर पिशवी असणार, आणि गुडघा दुखला की ती न सांगता माझा खांदा घट्ट धरणार. ते ओझं घेऊन कुठली गाडी कशी जाते हे कुठल्याच कागदावर नाही. शनिवारी तिला घेऊन जाते आणि दोन्ही गाड्या त्याच चढावर पुन्हा नेते. शोरूमवाला कुरकुर करेल, करू दे. आईला विचारलं, येशील का. म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, बसायचं तुला आहे, तुला नाही कळणार तर कुणाला?