उपआकृतीचा क्रमांक चुकला की आधी लेबलची जागा पाहा

लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत केलेल्या प्रबंधात ‘आकृती ४ब’ असा उपआकृतीचा क्रमांक यायला हवा तिथे ‘४.२’ असा विभागाचा क्रमांक उमटला, तर लेबल (संदर्भासाठी दिलेलं नाव) बहुधा कॅप्शनच्या (चित्राखालच्या ओळीच्या) आधी लिहिलेलं असतं. लेबलला स्वतःचा क्रमांक नसतो. त्याआधी जो काउंटर (क्रमांक मोजणारी गणती) शेवटचा पुढे सरकला, त्याचाच आकडा ते उचलतं, आणि आकृतीचा काउंटर सरकवते ती कॅप्शन. म्हणून आधी कॅप्शन, लगेच खाली लेबल. मुख्य आकृतीलाही हेच आणि प्रत्येक उपआकृतीलाही हेच.

नवं काम सुरू करताना ‘सबकॅप्शन’ हेच पॅकेज (लाटेकची जोड-सुविधा) घ्यावं. जुनं ‘सबफिगर’ पॅकेज कालबाह्य झालंय, आणि ‘सबफिग’चं सबकॅप्शनशी जमत नाही. जर्नलच्या टेम्प्लेटमध्ये सबफिग आधीच असेल तर त्यातच काम करा, दोन्ही एकत्र घालू नका.

दोन चित्रं शेजारी हवी असतील तर फिगरच्या आत सबकॅप्शनची दोन सबफिगर एन्व्हायर्नमेंट (सुरुवात-शेवटाच्या आज्ञांमधले भाग), प्रत्येकाची रुंदी ओळीच्या ०.४८ पट, मध्ये उरलेली जागा भरणारं एचफिल. प्रत्येकात चित्र, कॅप्शन, लेबल. सगळ्यात शेवटी मुख्य कॅप्शन आणि तिचं लेबल. रुंदी ०.५ आणि ०.५ धरली तर मधली नवी ओळ स्पेस म्हणून मोजली जाते, बेरीज ओळीत मावत नाही आणि दुसरं चित्र खाली उतरतं. आणि मध्ये रिकामी ओळ राहिली असेल तर तिथे परिच्छेदच तुटतो. मग रुंदी कितीही कमी करा, चित्रं शेजारी येणार नाहीत.

खरा घोळ कंसांचा. चित्राखाली ‘(ए)’ दिसतं, पण लेबलचा क्रमांक आणणारी रेफ ही आज्ञा दिली की मजकुरात ‘१ए’ येतं. जर्नलला ‘१(ए)’ हवं असेल तर प्रत्येक ठिकाणी हाताने कंस घालत बसू नका. उपआकृतीचं अक्षर छापणारी ‘दसबफिगर’ (thesubfigure) ही आज्ञा रिन्यूकमांडने कंसासकट नव्याने लिहा आणि सबफिगरच्या कॅप्शनसेटअपमध्ये लेबलफॉरमॅट ‘सिंपल’ करा. दुसरी गोष्ट विसरलात तर चित्राखाली दुहेरी कंस येतात. आकृतीच्या क्रमांकाशिवाय नुसतं अक्षर हवं असेल, उदाहरणार्थ मुख्य कॅप्शनमध्ये, तिथे सबरेफ वापरा.

मराठी प्रबंधात ए, बी ऐवजी अ, ब, क, ड हवे असतात. तेही याच दसबफिगरमध्ये होतं: आकड्यानुसार पर्याय निवडणाऱ्या इफकेसला सबफिगर काउंटरची किंमत द्या आणि प्रत्येक ‘ऑर’पुढे एकेक अक्षर लिहा. अक्षरं संपली की पुढच्या उपआकृतीला काहीच उमटत नाही, म्हणून यादी गरजेपेक्षा थोडी लांब ठेवा.

आकृती पुढच्या पानावर न्यायची असेल तर दुसऱ्या फिगरच्या सुरुवातीलाच कंटिन्यूडफ्लोट ही आज्ञा लिहा. क्रमांक तोच राहतो आणि अक्षरं पुढे चालू राहतात.

क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल आणखी एकदा चालवा. पहिल्या फेरीत लेबलं ऑक्स या मदतनीस फाइलमध्ये उतरतात, दुसऱ्या फेरीत वाचली जातात. तरीही प्रश्नचिन्हं राहिली तर लॉग (लाटेकच्या संदेशांची फाइल) उघडा. जे लेबल सापडलं नाही त्याचं नाव तिथे दिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा स्पेलिंगच चुकलेलं निघतं.