नाताळची ऑर्डर आणि हसलेली शॉर्टब्रेड

वसईत नाताळच्या आधीच्या आठवड्यात बेकरीची भट्टी थंड पडत नाही. प्लम केक आठवडाभर आधीच बांधून झालेले असतात. ताजं द्यायचं तेवढंच शेवटी भाजायचं. त्या शेवटच्या कामांत लेमन शॉर्टब्रेडचे ४० डबे होते, एका डब्यात १२ बिस्किटं, म्हणजे ४८० नग. डबे २२ डिसेंबरला संध्याकाळी जायचे होते आणि २० तारखेला दुपारी आम्ही पहिला घाणा घेतला.

सव्वाबाराला पहिला ट्रे बाहेर आला. ५ सेंटीमीटरच्या साच्याने कापलेली गोल बिस्किटं पसरून साडेसहा सेंटीमीटरची झाली होती. कडा पापडासारख्या पातळ आणि तांबूस, मधला भाग फिकट, शेजारची दोन-दोन एकमेकांना चिकटलेली. अनारसे तुपात हसतात तशी ट्रेवर हसली होती.

शॉर्टब्रेडमध्ये चूक लपायला जागा नसते. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, दूध नाही. स्कॉटलंडचं जुनं प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग पीठ. आमचा घाणा असा असतो: मैदा १ किलो, तांदळाची पिठी २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ८०० ग्रॅम, साखर ४०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम आणि लिंबाच्या सालीचा कीस २५ ग्रॅम. यात २० ग्रॅमचे साधारण १२० नग बसतात. तांदळाची पिठी हा आमचा शोध नव्हे, स्कॉटिश घरांमध्येही ती घालतात. तिच्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसल्यामुळे बिस्किटाला बारीक रवाळ कुरकुरीतपणा येतो. आपल्याकडच्या मैद्याला तर ती हवीच, कारण केकच्या पिठापेक्षा त्याला चिकटपणा जास्त असतो.

इथला 'शॉर्ट' म्हणजे आपला खुसखुशीत. करंजीला मोहन घालतो त्याचंच हे टोक आहे. स्निग्धांश पिठाच्या कणांवर बसतो, पाणी आत पोचू देत नाही आणि ग्लुटेनचे धागे लांब होत नाहीत. पण हे घडायला बटर घट्ट हवं. १८ ते २० अंशांना ते लवचीक असतं, पिठाला चोळलं तर कणाकणाने बसतं. २५च्या पुढे तुकतुकीत होतं आणि सुटू लागतं, ३२ ते ३५च्या दरम्यान पातळ होतं. स्कॉटलंडमध्ये ही बिस्किटं वर्षाअखेरीच्या हॉग्मनेला करतात, मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल टाकणारा पाहुणा ती भेट म्हणून आणतो. तिथल्या डिसेंबरात स्वयंपाकघर आपोआपच थंड. वसईत डिसेंबरची दुपार तिशीला टेकते, आणि भट्टीच्या खोलीत त्यावर आणखी तीन-चार अंश.

पहिला संशय भट्टीवर गेला. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर आमच्याकडे आहे, कारण भट्टीच्या बटणावरच्या आकड्यावर कुणी विसंबू नये. काटा १६० वर ठेवला होता, थर्मामीटर १६२ दाखवत होता. भट्टी निर्दोष होती.

मग जी गोष्ट हमखास केली जाते तीच झाली. पीठ सैल वाटतंय म्हणून उरलेल्या गोळ्यात १०० ग्रॅम मैदा मळला. दुसरा ट्रे पसरला नाही, पण बिस्किट दातांना लागलं ते वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखं. मैदा वाढवल्याने आकार टिकतो, पण पाणी असलेल्या पिठात मैदा दुसऱ्यांदा मळणं म्हणजे ग्लुटेनला आमंत्रण. पसरलेलं बिस्किट निदान खाता तरी येतं. ही दुरुस्ती शॉर्टब्रेडला कधीच करू नये.

पण पाणी आलं कुठून? आम्ही पाण्याचा थेंबही घातला नव्हता.

कागद बघितल्यावर उलगडा झाला. नेहमीचं बिनमिठाचं बटर त्या सकाळी संपलं होतं आणि त्याऐवजी डेअरीतलं पांढरं बटर, म्हणजे लोणी, आलं होतं. रंगाने जवळपास सारखं, वासाने ताजं, हाताळताना फरक कळत नाही. फरक कायद्याच्या आकड्यांत दिसतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत टेबल बटरला किमान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी अशी मर्यादा आहे. पांढऱ्या लोण्याला स्निग्धांश किमान ७६ टक्के असला तरी चालतो.

खात्री करायला फार काही लागत नाही. दोन्हींचे १०० ग्रॅमचे तुकडे दोन काचेच्या ग्लासांत मंद गरम करून वितळवले, अर्धा तास स्थिर ठेवले आणि मग फ्रीजमध्ये. वर स्निग्धांशाची घट्ट वडी जमते, खाली ताकासारखं पाणी राहतं. वडीला सुरीने भोक पाडून पाणी ओतून घ्यायचं आणि वजन करायचं. नेहमीच्या बटरच्या उरलेल्या तुकड्यातून १७ ग्रॅम निघालं, लोण्यातून २४. फरक ७ ग्रॅमचा, ऐकायला किरकोळ. पण ८०० ग्रॅमला तो ५६ ग्रॅम होतो, म्हणजे जवळजवळ पावणेचार मोठे चमचे पाणी न घालता घातलं गेलं. त्यात साखर विरघळली, पाक झाला आणि भट्टीत तोच पाक बिस्किटाला घेऊन पसरला. वर मळलेल्या पिठाचं तापमान २९ अंश. बटर साच्याने कापायच्या आधीच अर्धं सुटलं होतं.

लोण्याला कमी लेखायचं कारण नाही. नानकटाईला साजूक तूप जसं, तसं प्रत्येक स्निग्ध पदार्थाचं आपलं काम असतं. तुपात पाणी नसतंच, म्हणून कुणाला शॉर्टब्रेड तुपाची करायची असेल तर ८०० ग्रॅम बटरच्या जागी ६४० ग्रॅम तूप धरावं. होईल ते मात्र नानकटाईच्या कुळातलं, आणि तुपाचा वास लिंबाला पुढे येऊ देत नाही.

बटरचं कोडं सुटत होतं तेवढ्यात दुसरं निघालं. वळायला बसलेल्या मावशींनी फुटक्या बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. "लिंबू छान लागतंय," म्हणाल्या आणि मिनिटभरात पाणी मागितलं. कडू. सालीचा कडवटपणा हा असा मागून येतो, घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी. म्हणून लिंबाच्या कुठल्याही पदार्थाची चव घेतली की लगेच मत देऊ नये, अर्धा मिनिट थांबावं.

कारण लिंबातच होतं. परदेशी पाककृतीतलं लेमन म्हणजे जाड सालीचं, मोठं पिवळं फळ. पाच फळांवर २५ ग्रॅम कीस सहज निघतो. आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणे कागदी सालीचं. श्रीगोंद्याकडची असोत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई सरबती जातीची असोत, रस भरपूर आणि साल नावापुरती. सुगंधी तेलाच्या पिशव्या सालीच्या अगदी वरच्या रंगीत थरात असतात. त्याखालचा पांढरा थर कडू. कागदी लिंबावर बारीक किसणी एकाच जागी दोनदा फिरली की पांढरं लागलंच. त्या दिवशी १२ लिंबांतून २५ ग्रॅम कीस काढला होता. एका लिंबाला दोन ग्रॅमहून जास्त, तिथेच समजायला हवं होतं. आमच्या हाताला एका मध्यम कागदी लिंबाचा चांगला कीस ग्रॅमभरच येतो. २५ ग्रॅमला २५ ते ३० लिंबं लागतातच.

कडू झालेल्या पिठावर उपाय नाही. साखर वाढवून ते झाकलं जात नाही आणि भाजून जात नाही. तो गोळा टाकला.

उरलेल्या दुपारी भट्टी केकला दिली आणि शॉर्टब्रेड पहाटेवर ढकलली. डिसेंबरात वसईत पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो, खोली आपणहून बटरच्या तापमानाला येते. तेवढी थंडी विकत आणायची तर वातानुकूलन लागतं. संध्याकाळी नेहमीचं बटर आलं. एक किलोच्या लाद्यांचे २ सेंटीमीटरचे चौकोन करून ते फ्रीजमध्ये ठेवले. लिंबं धुऊन कोरडी पुसली, कारण ओल्या सालीचा कीस किसणीलाच चिकटतो. किसणी जागेवर ठेवून लिंबू हाताने फिरवायचं, एका जागी एकच फेर. साल हिरवट-पिवळी, कडक असेल तर काम सोपं. पूर्ण पिकून मऊ झालेलं लिंबू किसणीत फाटतं. सोललेली उघडी लिंबं दोन दिवसांत वाळून कवटीसारखी होतात, म्हणून त्यांचा रस लगेच काढून बरण्यांत भरला. लोणच्याच्या कामाला ती चालत नाहीत, साल गेली की फोड टिकत नाही.

कीस सरळ पिठात घालायचा नाही. प्रत्येक घाण्याच्या ४०० ग्रॅम साखरेतली अर्धी बारीक दाणेदार घेतली आणि तिच्यात कीस बोटांनी चोळला, साखर ओलसर, वाळूसारखी आणि पिवळट होईपर्यंत. साखरेचे दाणे तेलाच्या पिशव्या फोडतात आणि तेल साखरेला लागून राहतं. पिठीसाखरेला ते जमत नाही. ही साखर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवली. उरलेली २०० ग्रॅम पिठीसाखर, कारण सगळीच दाणेदार घेतली तर बिस्किट जास्त पसरतं.

या टप्प्यावर एक मोह टाळावा लागतो. बरण्या भरून ताजा रस समोर असतो आणि पिठात दोन चमचे टाकावासा वाटतो. रस म्हणजे पाणीच, म्हणजे लोण्याचीच चूक पुन्हा. शिवाय आम्लतेमुळे रंग नीट चढत नाही, मग भाजणारा माणूस रंगाची वाट बघत बिस्किट जास्त वाळवतो. लिंबाचा वास सालीत आहे, आंबटपणा रसात. आंबटपणा हवाच असेल तर तो वरून द्यावा. रसाची साखरफेक, म्हणजे आयसिंग, सुंदर दिसते, पण दमट हवेत पाझरते आणि डब्यात एकावर एक रचलेली बिस्किटं चिकटतात. आम्ही १०० ग्रॅम साखरेत दीड ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून भाजलेल्या बिस्किटावर, गरम असतानाच, चिमटीने भुरभुरवतो.

२१ तारखेला पहाटे चारला खोलीत २१ अंश होते, बटर १७. परात, मैदा, पिठी, मीठ. बटरचे चौकोन पिठात टाकून फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो. रवाळ झालं की लिंबाची साखर आणि पिठीसाखर. मग करंजीच्या मोहनाचीच परीक्षा: मूठभर दाबलं की मुटका व्हावा, बोटाने टिचकी मारली की फुटावा. मुटका फुटला नाही आणि नुसता दबला तर बटर सुटलंय, परात वीस मिनिटं फ्रीजमध्ये. त्या दिवशी चौथ्या घाण्याला, सातच्या सुमारास, हे एकदा करावं लागलं.

गोळा मळत नाही, दाबून एकत्र आणतो. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये १ सेंटीमीटर जाड लाटायचं. दोन्ही बाजूंना त्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की लाटणं खाली जात नाही आणि सगळे नग एकाच वेळी भाजतात. कापून काट्याने तळापर्यंत तीनदा टोचायचं, नाहीतर वाफेने मध्ये फुगा येतो. कापलेले ट्रे ४० मिनिटं फ्रीजमध्ये. ही पायरी गाळून चालत नाही. थंड बटर वितळायच्या आत बाहेरचं पीठ बसतं आणि कडा उभी राहते.

भट्टी १६० वरून १५० वर आणली. लिंबाच्या बिस्किटाला साध्या शॉर्टब्रेडपेक्षा रंग कमी हवा, खरपूसपणा वाढला की लिंबू मागे पडतं. २८ मिनिटांनी कडेला फिकट बदामी रंग, वर जवळजवळ पांढरं. मग एक नग मधून मोडून बघायचा. आत काळपट, ओलसर रेघ दिसली तर कच्चं आहे, आणखी तीन मिनिटं. वजनानेही कळतं: २० ग्रॅमचं बिस्किट साधारण १८ वर यायला हवं. पहिल्या ट्रेला ३१ मिनिटं लागली, भट्टी तापल्यावर पुढच्यांना २८ ते २९. काळ्या ट्रेमध्ये तळ लवकर तांबूस झाला, म्हणून तिथे खाली दुसरा ट्रे घालून जोडट्रे केला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. गरम शॉर्टब्रेड मऊ असते, उचलली की मोडते. याला कच्चं समजून परत भट्टीत घालणारे खूप पाहिले आहेत.

साडेअकरापर्यंत पाच घाण्यांतून ५८० धड नग निघाले. मोजून ५ सेंटीमीटर होते, एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने. दोन तास जाळीवर निवू दिले, कारण कोमट बिस्किट डब्यात गेलं तर आत दव धरतं आणि सगळा डबा सादळतो. तळाला आणि थरांमध्ये बटरपेपर, झाकणाला बाहेरून चिकटपट्टी. मसाल्याच्या फराळाजवळ डबे ठेवले नाहीत, बटर आजूबाजूचा वास ओढून घेतं. सादळलंच तर १२० अंशांना आठ-दहा मिनिटं ठेवून निववलं की कुरकुरीतपणा परत येतो, लिंबाचा वास मात्र थोडा जातो.

आदल्या दिवशीच्या ट्रेतली पसरलेली बिस्किटं कडू असल्यामुळे तीही टाकावी लागली. नाहीतर अशी बिस्किटं दळून लिंबाच्या टार्टचा तळ छान होतो, २०० ग्रॅम भुग्याला ६० ग्रॅम वितळलेलं बटर.

प्रत्येक ऑर्डरमधला एक डबा आम्ही मागे ठेवतो. हा ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला उघडला. सोळाव्या दिवशीही बिस्किट टचकन तुटलं, कडा शाबूत होती, कडूपणा नव्हता. वास निम्म्यावर आला होता. त्यामुळे डब्यावरच्या चिठ्ठीत आता दहा दिवस लिहितो.