जिला कामावरून काढता येत नाही अशी लेखिका

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांवरून ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यांच्या शब्दांना एवढे वजन कशामुळे आले, हा प्रश्न अधिक छळतो. जैविक लिंग बदलता येत नाही, असे मत जाहीरपणे मांडल्यानंतर माया फोर्स्टेटर या संशोधिकेचा करार पुढे वाढवला गेला नाही आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या रोजगारविषयक लवादापुढेही हरल्या, तेव्हा रोलिंग यांनी ट्विटरवर त्यांची बाजू घेतली. फोर्स्टेटर पुढे २०२१ मध्ये अपिलात जिंकल्या, पण हातचे काम तर गेलेच होते. रोलिंग यांना कामावरून काढणार कोण?

जून २०२० मध्ये त्यांनी लिहिलेला दीर्घ लेख मी तेव्हा सलग दोनदा वाचला. स्वतः सोसलेला घरगुती आणि लैंगिक अत्याचार त्यांनी त्यात प्रथमच जाहीरपणे सांगितला होता, आणि स्त्रियांसाठी राखीव जागांबद्दलची त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही. बहुसंख्य पारलिंगी व्यक्तींपासून कोणालाही धोका नसतो, उलट त्याच असुरक्षित असतात, हेही त्यांनी तिथे मान्य केले होते. पुढे मात्र हा सूर विरत गेला. एप्रिल २०२४ मध्ये स्कॉटलंडचा द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा अमलात आला, त्या दिवशी त्यांनी काही पारलिंगी स्त्रियांची नावे घेऊन त्यांना पुरुष म्हटले आणि हा गुन्हा असेल तर मला अटक करा, असे आव्हान दिले. पोलिसांना त्यात गुन्हा दिसला नाही. (लाखो वाचक पाठीशी असताना एखाद्याचे नाव घेणे म्हणजे काय, हे लेखिकेला वेगळे सांगायला हवे होते का?)

शब्दांच्या जोडीला पैसाही होता. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेच्या खटल्यासाठी त्यांनी ७० हजार पौंड दिले. समता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री, असा एकमुखी निर्णय याच खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी दिला. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम राहते, हेही स्पष्ट केले. एका गटाने दुसऱ्यावर मिळवलेला विजय म्हणून या निकालाकडे पाहू नका, असे न्यायमूर्ती लॉर्ड हॉज यांनी तो वाचताना बजावले होते. रोलिंग यांनी त्या दिवशी हातात पेयाचा ग्लास घेऊन सिगार ओढतानाचे आपले छायाचित्र टाकले.