पॅकिंग तिसऱ्यांदा

मेकॅनिक काकांनी माझ्या गाडीच्या इंजिनवरून बोटभर लांबीचा एक व्हॉल्व्ह उपटला, कानाजवळ नेला आणि खुळखुळ्यासारखा हलवला. मग माझ्या कानाशी धरला. "वाजतोय काही?"

काहीच वाजत नव्हतं.

"नाक चोंदलंय हिचं. तुम्ही आपले रुमाल बदलताय!"

तेल गळतं म्हणून वर्षभरात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग दोनदा बदललं होतं. दर वेळी दोन महिन्यांत तेच. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास, कारण थेंब थेट गरम सायलेन्सरच्या पाइपावर. आधीच्या फिटरने तर "आता गळून दाखव" म्हणत बोल्ट आवळले होते. काकांनी ते पॅकिंग काढून दाखवलं: बोल्टांपाशी रबर चेपून बाहेर आलेलं. हे 10 नंबरच्या पान्याचे बोल्ट, त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे. ताकद लावायची जागाच नाही ती.

पण मूळ दुखणं तो पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारा वायू त्यातून परत इनटेकला जातो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर. नवा व्हॉल्व्ह पॅकिंगपेक्षा स्वस्त निघाला. (हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

तीन आठवडे झाले, गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवलाय. रोज सकाळी चहाआधी वाकून बघतो. अजून तरी कोरडा आहे.

पण दोन्ही वेळा मी त्या फिटरला "का गळतंय?" असं का विचारलं नाही? "किती होतील?" एवढंच विचारलं.