सपाट जगाचा नकाशा

बुधवार, रात्र

आज डिस्कवर्ल्डचा अ‍ॅटलास पुन्हा काढला. मोठा घडीचा नकाशा जमिनीवर पसरला, कोपरे उचलू नयेत म्हणून चारी बाजूंना कादंबऱ्या ठेवल्या आणि भिंग घेऊन बसले. तास कसा गेला कळलं नाही.

थाळीसारखं गोल, सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर आणि कासव अवकाशात पोहतंय. इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेटनी १९८३ साली पहिली कादंबरी लिहिली ती याच जगाची, आणि २०१५ पर्यंत एकेचाळीस झाल्या. मला हे चित्र पहिल्यापासून ओळखीचं वाटलं. दिग्गज हा शब्द आपण लेखक-गायकांना सहज लावतो, पण मुळात ते दिशा सांभाळणारे हत्तीच. कूर्मही आपला, आणि जगाच्या मधोमध उभा असलेला देवांचा मेरूही. डिस्कवर्ल्डच्या मध्यावरही कोरी सेलेस्टी नावाचा दहा मैल उंच सुळका आहे आणि देव त्याच्या माथ्यावर राहतात.

गुरुवार

दिशांनी आज डोकं अगदी भंडावलं. या जगात उत्तर-दक्षिण नाही. मध्याकडे, काठाकडे, थाळी फिरते त्या अंगाने आणि तिच्या उलट, अशा चार दिशा. सुरुवातीला मी ती नुसती गंमत समजत होते. आज बोट टेकवून आंख-मॉरपोर्क शहरापासून मध्याकडे निघाले, तर वाटेत लँकरचे डोंगर लागले. मग पलीकडच्या काठावरून मध्याकडे निघाले, तर कागदावर बोट नेमकं उलट बाजूला सरकत होतं! दोघे प्रवासी आपापल्या परीने सरळ चाललेत, दोघांचीही दिशा ‘मध्याकडे’, आणि शेवटी समोरासमोर येणार. मग लक्षात आलं, आपली उत्तरही अशीच आहे की. ध्रुवाकडे निघालेले सगळे एकाच ठिकाणी पोचतात. भिंतीवरच्या चौकोनी नकाशानं आपल्याला ते विसरायला लावलंय.

त्यावरून आणखी एक सुचलं, ते लिहूनच ठेवते. गोल पृथ्वी कागदावर उतरवायची तर काहीतरी ताणावं लागतंच. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या नकाशापासून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसत आलंय, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. डिस्कवर्ल्ड सपाट, त्यामुळे ते कागदावर उतरवताना काहीच ताणावं लागत नाही. कल्पनेतल्या जगाचा नकाशा आपल्या जगाच्या नकाशापेक्षा खरा! दिवसभर हाच विचार मनात होता.

शनिवार

प्रॅचेटना आधी नकाशा नकोच होता. १९८८ च्या एका कादंबरीच्या सुरुवातीला त्यांनी वाचकांना सांगून टाकलं होतं, यात नकाशा नाही, हवा तर तुमचा तुम्ही काढा. मग स्टीफन ब्रिग्ज आले. कादंबऱ्यांतला रस्त्यांचा, पुलांचा, वळणांचा एकेक उल्लेख जुळवून त्यांनी आंख-मॉरपोर्कचा नकाशा मांडला. तो १९९३ साली छापला गेला, आणि दोन वर्षांनी सगळ्या डिस्कचा. मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेले. माझ्यासमोरचा हा अ‍ॅटलास त्याच वर्षी, त्यांच्यामागे आला.

उल्लेख जुळले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. हसवण्यासाठी लिहिणाऱ्याला नदी कुठूनही वाहवता आली असती, कोण विचारणार होतं? पण त्यांचा विनोद भूगोलातूनच उगवतो. थाळीच्या एका बाजूला छोटासा खंड आहे, त्याचं नाव काउंटरवेट. बाकीच्या मोठ्या खंडांना तोलून धरायचं तर हा जड हवा, म्हणून त्यात सोनं भरलेलं. सोनं उदंड, म्हणून तिथल्या माणसाला त्याची किंमत नाही. तिथला एक साधा कारकून, टूफ्लॉवर, हौसेने आंख-मॉरपोर्क बघायला येतो आणि जे सुटे पैसे म्हणून देतो त्यात या शहरातला माणूस जन्मभर बसून खाईल. या जगाच्या पहिल्या पर्यटकाची सगळी फजिती एका तराजूतून निघते. ही गोष्ट मी किती वेळा वाचली असेन, पण तो खंड नकाशावर इतक्या लांब, एकटा बसलेला पाहिला तेव्हा टूफ्लॉवर केवढ्या दुरून आला होता ते पहिल्यांदा जाणवलं, आणि त्याच्याबद्दल माया वाटली.

रविवार, पहाटे

झोप लागेना म्हणून पुन्हा नकाशापाशी. आज फक्त सर्कल सी पाहिला. मध्य आणि काठ यांच्या साधारण अर्ध्या वाटेवरचा समुद्र, अलीकडे आंख-मॉरपोर्क, पलीकडे क्लॅच हा देश. १९९७ च्या कादंबरीत याच पाण्यातून एका रात्री लेश्प नावाचं बेट वर येतं. ओसाड, चिखलानं भरलेलं. दोन्ही किनारे त्यावर हक्क सांगतात, सैन्यं निघतात, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागतो. आणि मग बेट परत बुडतं.

दोन्ही किनाऱ्यांच्या मधल्या निळ्या रंगावर बोट ठेवून बसले होते. बाहेर उजाडलं तेव्हा नकाशाची घडी घातली.