तुम्ही विचारलंत म्हणून : खरे युनिट असताना सिम्युलेटर कशाला?

तेलशुद्धीकरण कारखान्यातील पॅनल ऑपरेटरांना (नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसून युनिट चालवणाऱ्यांना) मी सिम्युलेटरवर शिकवतो, हे कळले की बहुतेक जण विचारतात : शेजारी खरे युनिट चालू असताना संगणकातल्या युनिटवर शिकायचे कशासाठी?

ते चालू असते, हीच अडचण आहे. कॅटॅलिटिक रिफॉर्मर (उत्प्रेरकाच्या साहाय्याने नॅफ्थ्यापासून जास्त ऑक्टेनचा पेट्रोलघटक बनवणारे युनिट) नीट चालला तर महिनोन्‌महिने अखंड चालतो आणि स्टार्टअप किंवा ट्रिप (अचानक बंद पडणे) नव्या माणसाच्या पाळीत येतच नाही. हायड्रोजनयुक्त वायू फिरता ठेवणारा रिसायकल गॅस कॉम्प्रेसर बंद पडला की हायड्रोजनचा प्रवाह थांबतो, पण फर्नेस तापलेलीच असते. इंटरलॉक, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा यंत्रणा, फर्नेसचे इंधन तोडतो, तरी ते खरोखर तुटले का आणि फीड (युनिटमध्ये येणारा कच्चा माल) थांबला का, हे तत्काळ माणसालाच पाहावे लागते.

माझ्या मते मात्र सिम्युलेटरचा मोठा उपयोग सावकाश बिघडणाऱ्या गोष्टींसाठी आहे. पहिल्या रिॲक्टरमध्ये नॅफ्थीन या हायड्रोकार्बनचे जास्त ऑक्टेनचे ॲरोमॅटिक होताना पुष्कळ उष्णता शोषली जाते, म्हणून तापमानाची सर्वांत मोठी घट तिथेच दिसते. आधीच्या हायड्रोट्रीटरमधून (फीडमधले गंधक काढणाऱ्या युनिटमधून) गंधक निसटले की प्लॅटिनमचा उत्प्रेरक मंदावतो, ही घट कमी होते आणि ऑक्टेन उतरतो. नवखा ऑपरेटर ऑक्टेन सावरण्यासाठी फर्नेसचे तापमान वाढवतो. त्याने उत्प्रेरकावर साचणारा कोक (कार्बनचा थर) वाढतो. खरे तर तापमान खाली आणून आधी गंधकाचा माग काढायला हवा. खऱ्या युनिटवर हे सारे अनेक पाळ्यांत विखुरले जाते, त्यामुळे आपल्या हाताचा परिणाम कोणालाच दिसत नाही. सिम्युलेटरचे घड्याळ पळवता येते. सकाळी वाढवलेल्या तापमानाचा हिशेब त्याच माणसासमोर दुपारी मांडता येतो. अर्थात मॉडेलमध्ये उत्प्रेरकाचे मंदावणे धरलेले असले तरच.

अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी आयसोमरायझेशन युनिट सुरू करताना झालेल्या स्फोटात १५ जण दगावले. असाधारण प्रसंगांच्या सरावासाठी तिथे सिम्युलेटर नव्हता, असे रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने अहवालात नोंदवले. ऊर्ध्वपातनाचा मनोरा द्रवाने भरत असताना पडद्यावर मात्र त्याची पातळी उतरताना दिसत होती. म्हणून मी सरावात एखादा ट्रान्समीटर (पातळी, तापमान वगैरे मोजून पडद्यावर पाठवणारे उपकरण) मुद्दाम चुकीचा ठेवतो, आणि तो कोणता हे सांगत नाही.

वास, आवाज, अडकलेला व्हॉल्व्ह यांपैकी काहीच सिम्युलेटर शिकवत नाही. त्यासाठी फील्ड ऑपरेटरला (प्रत्यक्ष युनिटमध्ये फिरून काम करणाऱ्याला) मी शेजारी बसवतो. व्हॉल्व्हपर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबूनच त्याने वॉकीटॉकीवर ‘बंद केला’ म्हणायचे असते.