टुडे नो डॉक्टर

पूर्व लंडनमध्ये वॉल्थमस्टोला मी बायकांना इंग्रजी शिकवते, अगदी बिगरीचा वर्ग. सोमाली, अफगाण, सिलहटी, बहुतेक जणी हिजाबवाल्या. बसमध्ये कोणी काहीबाही बोललं हे यांच्याकडे रोजचंच, त्याचं कौतुक नाही.

पण 7 ऑगस्ट 2024 वेगळा होता. उत्तर इंग्लंडात साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला होता, मारणारा मुसलमान आणि बोटीतून आलेला अशी थाप नेटवर पसरली (पोरगा कार्डिफला जन्मलेला निघाला) आणि मग गावोगाव मशिदींवर, आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलांवर दगडफेक. त्या संध्याकाळी दंगलवाल्यांनी कुठेकुठे जमायचं याची यादी व्हॉट्सअॅपवर फिरत होती, त्यात आमचा भागही.

सकाळी वर्गाला निम्म्याही आल्या नाहीत. मी डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा धडा काढला तर एक सोमाली मावशी म्हणाल्या, टीचर, टुडे नो डॉक्टर, टुडे पोलीस.

घ्या मग 999, इथला इमर्जन्सीचा नंबर. मावशीच ऑपरेटर झाल्या, आणि 'फायर, पोलीस ऑर अँब्युलन्स' असं काय डाफरून विचारलं की सगळ्या हसायला लागल्या. गाडी अडली पत्त्यावर. आमचा पोस्टकोड ई सेव्हनटीन, आणि अफगाण मुलगी दर वेळी सेव्हन्टी म्हणायची, ई सेव्हन्टी लंडनमध्ये नाहीच! शेवटी 'टीन'वर टाळी वाजवून घेतलं तेव्हा जमलं. मग भूतकाळ. 'ही पुल्ड माय स्कार्फ' हे वाक्य मी दिलेलं नाही, तिनेच रचलं, व्याकरण एकदम बरोबर, आणि कधी झालं विचारलं तर म्हणाली मे महिन्यात, बस स्टॉपवर. तेव्हा सांगायला इंग्रजी नव्हतं म्हणे.

2016 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी मुस्लिम बायकांच्या इंग्रजीसाठी 2 कोटी पौंड जाहीर केले होते, पण बोलताना मधेच अतिरेकी विचारांचा विषय. शिकून या बाया काय करणार याची काळजी सगळ्यांना, यांना तक्रार करता यावी हे कोणाच्या डोक्यातच नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवरही त्या दंगलीच्या आठवड्यात एका काकांनी हल्ल्यांबद्दल 'बरं झालं' टाकलं होतं, मी ग्रुप सोडला.

रजिस्टरमध्ये विषय लिहिला 'आकडे व पत्ता' आणि सगळ्यांना एकत्रच बाहेर काढलं.

संध्याकाळी दंगलवाले फारसे फिरकलेच नाहीत, उलट त्यांच्या विरोधात हजारो लोक आमच्या इथल्या 'हो स्ट्रीट'वर उतरले. पुढच्या तासाला मावशी म्हणाल्या, ओके, नाऊ डॉक्टर.